लॉ फर्मच्या मुलाखतीची तयारी, बजेट ६ हजार (प्रवासासकट)

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात पाच वर्षांच्या लॉचं शेवटचं सत्र चालू आहे. मुंबईत फोर्टमधल्या एका मध्यम फर्मने कॉर्पोरेट टीमसाठी मुलाखतीला बोलावलंय, तीन आठवड्यांनी. सगळे मिळून ६ हजार आहेत, जाणंयेणं त्यातच. काय वाचू, काय घालू, करार-मसुद्याचा ऑनलाइन कोर्स करू का? इंटर्नशिप दोनच: एक जिल्हा न्यायालयात, एक सीएकडे.

कडकइस्त्री
पहिला ठसा कपड्यांचाच. मी १८ हजारांचा सूट शिवला होता, आजही येतो अंगाला. त्यात कंजुषी नको.

फोर्टवाली
बजेट वाचलंत का? पंचगंगाकाठ, साधा पांढरा शर्ट, गडद पँट, पॉलिश केलेले बूट. कोट असेल तर घाल. फक्त कोर्टातला काळा कोट आणि बँड घालून येऊ नकोस, आमच्याकडे एकजण आला होता.

नाना_वकील
मुंबईला कशाला मरायला जातोस? ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात, दारात आलंय. वकिलीची सनद घे, चांगल्या सीनियरकडे बस.

पेठेतला
बेंच खरं तर पुण्यालाच व्हायला हवं होतं.

नाना_वकील
सहा जिल्ह्यांचे वकील वर्षानुवर्षं भांडले तेव्हा पेठ झोपली होती का?

कोर्सग्रस्त
कोर्सबद्दल: मी २४ हजार भरले. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि शेवटी रंगीत प्रमाणपत्र. मुलाखतीत त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. रिफंडचे मेल अजून पाठवतोय.

कडकइस्त्री
बुटांचं मात्र खरंय. मी साडेचार हजारांचे घेतले होते.

फोर्टवाली
आता कामाचं. करार कायदा, १८७२ चा बेअर ॲक्ट (भाष्याशिवाय नुसती कलमं) घे, दीडेकशेत मिळतो. कलम २७ (धंदा-नोकरीवरची बंदी), ७४ (करारात लिहिलेली भरपाई), १२४ (इंडेम्निटी) आणि १२६ (गॅरंटी) स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. इंडेम्निटी (नुकसान भरून देण्याचं वचन) आणि गॅरंटी (दुसऱ्याने पाळलं नाही तर त्याच्या वतीने पाळण्याची हमी) यांतला फरक हमखास विचारतात. आणखी एक, करारात ५ लाख भरपाई लिहिलीय, प्रत्यक्ष नुकसान ५० हजार, तर किती मिळेल? '५ लाख' म्हणालास तर संपलं. कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाई, ५ लाख ही फक्त वरची मर्यादा.

सहीवाला
पण दोघांनी सही केलीय ना? मग पूर्ण मिळायला हवेत. माझ्या कंपनीने तर लिहून घेतलंय, नोकरी सोडल्यावर २ वर्षं स्पर्धकाकडे जायचं नाही.

फोर्टवाली
नोकरी संपल्यानंतरची ती अट कलम २७ खाली टिकत नाही, सही असली तरी. व्यवसाय गुडविलसकट (नावलौकिकासकट) विकलात तर गोष्ट वेगळी.

सहीवाला
मग मी दोन वर्षं इथे काय करतोय?

कोर्सग्रस्त
बेअर ॲक्ट घ्याच. मला कलम २७ विचारलं होतं, तत-पप झालं.

फोर्टवाली
सीव्हीवरच्या प्रत्येक ओळीवर दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे. काही फर्म तासाभराची परीक्षा घेतात, एनडीए (गोपनीयतेचा करार) देतात आणि चुका काढायला सांगतात. कागदावर सराव कर. आकडा ठरताना पगार की रिटेनर (कर्मचारी म्हणून नव्हे, दरमहा ठरलेली फी), ते विचार. रिटेनर असेल तर १० टक्के टीडीएस कापून हातात येतात आणि पीएफ नसतो. आणि आदल्या दिवशीच मुंबईत ये.

पेठेतला
आदल्या दिवशी याच. मी शिवनेरीने निघालो आणि घाटात तीन तास अडकलो. मुलाखत हुकली, वर तिकिटाचे पैसेही गेले.

कडकइस्त्री
आदल्या दिवशी या आणि बरं हॉटेल घ्या, चार हजारांत होईल.

पंचगंगाकाठ
सर्वांचे आभार. बेअर ॲक्ट घेतला. कोर्स रद्द. काकांच्या लग्नातला कोट शिंप्याकडून बाह्या कमी करून घेतला, १५० रुपये. मुलाखत दुपारी २ वाजता आहे, त्यामुळे रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनेच येतोय.

पेठेतला
सांगून उपयोग नाही.

पंचगंगाकाठ
जाऊन आलो. गाडी चाळीस मिनिटं उशिरा, तरी वेळ उरला. कलम २७ नाही, ७४ नाही. सीएकडे काय केलं यावरच वीस मिनिटं गेली. भागीदारी फर्मची एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) करताना मी फॉर्म भरले होते, कुठल्या कागदावर अडलं ते खोदून विचारलं. मग एनडीए दिला, त्यात व्याख्येतलं नाव आणि सहीखालचं नाव वेगळं होतं, ते सापडलं. कळवतो म्हणालेत.

नाना_वकील
म्हणजे अजून नक्की नाही ना? सोमवारी बेंचला चक्कर मार.