प्रतिसाद: खरी धास्ती उठता न येण्याची

वयस्कर माणसांच्या पडण्याच्या भीतीवर व्हिडिओ कॉलवरच्या समुपदेशनाचा काय उपयोग, 'स्क्रीनवर बोलून पाय थोडेच बळकट होणार', हे मत निम्मंच पटलं. व्यायाम हवाच. पण भीतीने माणूस अंग आखडून, नजर जमिनीला खिळवून, पावलं घासत चालतो आणि त्यानेच तोल जायची शक्यता वाढते. त्या भीतीसाठी बोलणं लागतंच. ती मोजायला एफईएस-आय नावाची १६ प्रश्नांची प्रश्नावली असते. आंघोळ, जिना, फोनची रिंग थांबायच्या आत उठून जाणं, अशा प्रत्येक कामाची किती काळजी वाटते ते १ ते ४ मध्ये सांगायचं. सुरुवात कुठून करायची ते त्यातून उमगतं.

माझ्या सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. हाड मोडलं नाही, पण खाली देवळात जाणंसुद्धा बंद झालं. व्हिडिओ कॉलवर समुपदेशक बाईंनी हळूहळू बोलतं केल्यावर कळलं, की त्यांना खरी धास्ती होती ती 'घरी कोणी नसताना पडले तर उठणार कशी' याची. तोवर आम्ही नुसतं 'सांभाळून चाला' म्हणत होतो! मग फिजिओथेरपिस्टने जमिनीवरून उठायचा क्रम शिकवला: कुशीवर वळायचं, हात-गुडघ्यांवर यायचं, भक्कम खुर्ची धरून एक पाय पुढे रोवायचा. सरावाला मी शेजारी असायचे. एकट्याने हे करू देऊ नका. गुडघे किंवा हाडं कमजोर असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि चक्कर येत असेल तर रक्तदाब, चालू गोळ्या आणि डोळे आधी तपासून घ्या, थेरपी त्यानंतर.