मदत हवी आहे: घरामागच्या वारुळात ब्लॅक माम्बा, किती वर्षं राहील?

नमस्कार मंडळी,

आम्ही इस्वातिनीत (पूर्वीचं स्वाझीलँड) राहतो, लुबोम्बो भागात. मिस्टर इथल्या साखर कारखान्यात आहेत. क्वार्टरच्या मागे, कुंपणाला लागून वाळवीनं सोडलेलं जुनं वारूळ आहे, त्यात ब्लॅक माम्बानं मुक्काम ठोकलाय. ऊन चढलं की बाहेर येऊन पडतो, चाहूल लागली की सर्रकन आत. अडीच मीटर तरी असेल. अंग काळं नाहीच, मातकट राखाडी. परवा कुत्रा फार जवळ गेला तेव्हा त्यानं मान उचलून जबडा उघडला. आतून शाईसारखा काळाभोर! नाव कशावरून पडलं ते तेव्हा समजलं.

बागकाम करणारे बाबा म्हणतात, पेट्रोल ओतून वारूळ पेटवू. मला ते अजिबात नको आहे. उसाच्या फडामुळे इथे उंदीर मायंदाळ, आणि हा त्यांच्यावरच जगतो. पण लेक चार वर्षांची आहे, मागच्या अंगणातच खेळते.

माझे प्रश्न: तो आपणहून निघून जाईल का? आयुष्य किती असतं? मादी असली तर पिल्लांचं काय? आणि भारतातून प्रतिविष मागवून घरात ठेवावं का? कृपया जाणकारांनी सांगा, रात्री झोप लागत नाही.

प्रतिसाद:

ताई, पेटवू देऊ नका हे उत्तम. डिवचलेला माम्बा एकामागून एक अनेक दंश करतो. एरवी तो माणसापासून पळणारा साप आहे. तासाला सुमारे 16 किलोमीटरचा तो वेग पळून जाण्यासाठीच वापरतो.

आपणहून जाण्याची वाट बघू नका. त्रास झाला नाही तर माम्बा त्याच बिळात पुन्हा पुन्हा परततो, आणि बंदिवासात 11 वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. मादी साधारण 6 ते 17 अंडी घालते आणि निघून जाते. अडीच-तीन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात, जेमतेम अर्धा मीटर लांब, पण पहिल्या दिवसापासून विषारी. वर्षभरात ती दोन मीटरच्या आसपास पोचू शकतात.

भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरशासाठी असतं. माम्बावर त्याचा उपयोग नाही. दक्षिण आफ्रिकेत बनणारं बहुविध प्रतिविष चालतं, पण तेही रुग्णालयातच द्यायचं, कारण एका रुग्णाला बऱ्याच कुप्या लागतात आणि श्वासाचे स्नायू लुळे पडले तर कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो. जवळच्या कोणत्या रुग्णालयात साठा आहे ते आजच विचारून ठेवा.

इस्वातिनी अँटिव्हेनम फाउंडेशनला कळवा, त्यांचे प्रशिक्षित स्वयंसेवक साप पकडून दूर सोडतात. तोवर लेकीला मागे एकटी सोडू नका, कुत्राही बांधून ठेवा. साप नेल्यावर त्यांच्याकडूनच आत अंडी नाहीत ना ते बघून घ्या आणि मग वारूळ खणून सपाट करा, नाहीतर दुसरा येईल.