मदत हवी आहे: वोकिंगहॅम कौन्सिलची निवडणूक आणि पासपोर्टवर माहेरचं नाव

सोमवार, 22 एप्रिल 2024

नमस्कार मंडळी,

आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून इंग्लंडमध्ये, रेडिंगजवळच्या लोअर अर्लीला आलो. नवरा वर्क व्हिसावर, मी डिपेंडंट. मतदार नोंदणीचं पत्र आलं तेव्हा आधीच्या भाडेकरूचं असेल म्हणून मी ते बाजूला ठेवलं होतं. नंतर कळलं की भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे, वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही मत देता येतं. पुण्यात मार्च 2022 पासून महापालिकेवर प्रशासक आहे, मत द्यायला निवडणूकच नाही. आणि इथे परक्या गावात पोल कार्ड (मतदान कधी, कुठे ते सांगणारं कार्ड) दारात येऊन पडलंय!

मतदान गुरुवारी, 2 मेला आहे. माझे प्रश्न:

पहिला, खरा काळजीचा. नोंदणी करताना मी सासरचं आडनाव लिहिलं, कारण कौन्सिल टॅक्सच्या बिलावर तेच आहे. पासपोर्ट आणि बीआरपी (इथे राहण्याचं परवाना कार्ड) मात्र माहेरच्या नावाने. आता फोटो ओळखपत्राशिवाय मत देता येत नाही म्हणे. मला परत पाठवतील का? पोल कार्ड दाखवून भागेल का?

दुसरा. आमच्या पत्त्यात 'रेडिंग' आहे, पण कार्ड वोकिंगहॅम कौन्सिलचं आलंय. काही घोळ आहे का?

तिसरा. काल कांदा परतत होते तेव्हा बेल वाजली. दारात पिवळी रोझेट (पक्षाच्या रंगाचं फितीचं फूल) लावलेल्या एक आजी, हातात क्लिपबोर्ड. म्हणाल्या, "तुमच्याकडे तीन मतं आहेत, तिन्ही आम्हालाच द्या." मी हो हो म्हणून आत पळाले, तोवर कांदा करपला होता. तीन मतं म्हणजे आपल्यासारखं प्रभागातलं अ, ब, क, ड का? आणि तिन्ही द्यावीच लागतात का?

आभारी आहे.

प्रतिसाद १
ताई, आधी पहिलं काम. व्होटर अथॉरिटी सर्टिफिकेटसाठी (मतदानापुरतं फोटो ओळखपत्र) आजच ऑनलाइन अर्ज करा. फुकट आहे. नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि एक फोटो लागतो. मुदत बुधवारी, 24 तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत. ते तुमच्या यादीतल्या नावाने येईल, मग पासपोर्टचा प्रश्नच राहत नाही.

पोल कार्ड ओळखपत्र नाही. ते घरी विसरलात तरी चालतं. रेशनकार्ड, लाइट बिल, आधार यातलं काहीही काढू नका (आमच्या सासऱ्यांनी गेल्या वर्षी आधार काढलं होतं).

प्रतिसाद २
वरचं बरोबर. अर्ज राहिलाच, तर पासपोर्ट आणि सोबत लग्नाचं प्रमाणपत्र न्या. नाव बदलल्याचा पुरावा म्हणून ते दाखवता येतं. महापालिकेच्या प्रमाणपत्रावर बहुधा इंग्रजी मजकूरही असतो. नसेल तर भाषांतर सोबत ठेवा. पासपोर्टची मुदत संपली असली तरी चालतो, फोटोतला चेहरा तुमचा वाटला पाहिजे.

पत्त्यात घोळ नाही. 'रेडिंग' हे पोस्टाचं. लोअर अर्ली वोकिंगहॅम बरोमध्ये येतं. बर्कशायर काउंटी कौन्सिल 1998 मध्ये बंद झाली, त्यामुळे शाळाप्रवेश, रस्ते, कचरा, लायब्ररी सगळं या एकाच कौन्सिलकडे.

प्रतिसाद ३
तीन मतांबद्दल. इथे अ, ब, क, ड नाही. एकच यादी, जास्तीत जास्त तीन फुल्या. एकच मारली तरी मत वैध. चार मारल्या तर पूर्ण बाद. यंदा वॉर्डांच्या सीमा बदलल्या म्हणून 18 वॉर्डांतल्या सगळ्या 54 जागा एकदम आहेत, एरवी दर वेळी एक तृतीयांशच असतात. गंमत म्हणजे वॉर्डात पहिल्या येणाऱ्याला 2028 पर्यंत, दुसऱ्याला 2027 पर्यंत आणि तिसऱ्याला फक्त 2026 पर्यंत खुर्ची. म्हणजे तिन्ही मतं कुणाकुणाला, याला अर्थ आहे.

दुसरी मतपत्रिका मिळेल ती थेम्स व्हॅलीच्या पोलीस अँड क्राइम कमिशनरची (पोलिसांवर देखरेख ठेवणारं निवडून दिलेलं पद). तिथे मात्र एकच फुली.

केंद्राबाहेर रोझेट लावलेले लोक तुमचा मतदार क्रमांक विचारतील. ते पक्षाचे असतात, सरकारी नव्हेत. सांगायचा नसेल तर हसून पुढे जा.

धागाकर्ती, 24 एप्रिल
अर्ज केला, दुपारी तीन वाजता! फोटो तीनदा नाकारला गेला, मागे देवघर दिसत होतं म्हणून असावं. अखेर बाथरूमच्या पांढऱ्या दारासमोर उभी राहिले.

धागाकर्ती, 5 मे
सगळ्यांचे आभार, मत दिलं. सर्टिफिकेट म्हणजे ए4 आकाराचा एक कागद, त्यावर माझा बाथरूमवाला फोटो. टेबलावरच्या बाईंनी तो पाहिला, मला पाहिलं, यादीत पट्टी ठेवून नावावर रेघ मारली. बस. बोटाला शाई नाही. प्लायवुडच्या खोक्यात दोरीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिल! मी इतकी जोरात फुली मारली की कागद फाटतो की काय वाटलं. बाहेर एक लॅब्राडोर मालकिणीची वाट बघत बसला होता.

ओळखपत्रावरून अडचण येणारी मी एकटीच असं वाटत होतं, तर त्याच दिवशी साउथ ऑक्सफर्डशायरमध्ये बोरिस जॉन्सन ओळखपत्र न घेता केंद्रावर गेले आणि परत पाठवले गेले. निवडणूक तीच, थेम्स व्हॅली कमिशनरची. ओळखपत्राचा कायदा 2022 मध्ये झाला तेव्हा पंतप्रधान तेच! नंतर पुन्हा जाऊन त्यांनी मत दिलं म्हणे.

निकाल: लिबरल डेमोक्रॅट (पिवळ्या रोझेटवाला पक्ष) 54 पैकी 27. बरोबर निम्मे, म्हणजे बहुमत नाहीच. आता त्या करपलेल्या कांद्यावाल्या आजी परत येतील का, काय माहीत.

बाबांना फोटो पाठवला. त्यांचं पुण्यात लोकसभेचं मतदान 13 तारखेला आहे. त्यांचा एकच प्रश्न: "पेन्सिलचं मत खोडून टाकलं तर?" मी म्हटलं, स्वतःचं पेन नेलं तरी चालतं. त्यांना काही पटलं नाही. इथे कुणी मतमोजणीला हजर राहिलंय का? त्यांना काय सांगू?