शब्दचर्चा: गुत्ता, बैठक आणि पंच

अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याची दारूबाजीवरची चित्रे कुणी मराठीत समजावून सांगायला लागले की सरसकट ‘मद्यालय’ हा शब्द येतो. मला तो खटकतो. मद्यालय पाटीवर शोभते, बोलण्यात नाही. शिवाय होगार्थने दाखवलेल्या पिण्याच्या जागाही एकसारख्या नाहीत.

१७५१ चे ‘जिन लेन’ घ्या; जिन म्हणजे एक कडक विलायती दारू. लंडनची सेंट जाइल्स वस्ती. पायऱ्यांवर बसलेली बाई तपकिरीची चिमूट घेतेय, हातातले मूल कठड्यावरून खाली चाललेय, तिला पत्ताच नाही. डाव्या कोपऱ्यात तळघराच्या दारावर लिहिलेय: एका पेनीत तर्र व्हा, दोन पेनीत बेशुद्ध व्हा, गवताचा बिछाना फुकट. ही जागा म्हणजे गुत्ताच! गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. मराठवाड्यात ठेकेदाराला आजही गुत्तेदार म्हणतात. दारूविक्रीच्या मक्त्यावरून तो शब्द दुकानाला चिकटला आणि त्याला जी कळा आली, तीच या चित्राला हवी. ‘लेन’साठी मी गल्लीपेक्षा ‘आळी’ घेईन. तांबट आळी, कासार आळी म्हटले की तिथला धंदा कळतो. या आळीत सुतार करवत गहाण टाकतोय, बाई स्वयंपाकाची भांडी. बरकत आहे ती जिनवाल्याला, गहाणवाल्याला आणि शवपेट्या करणाऱ्याला.

१७३३ चे ‘अ मिडनाइट मॉडर्न कन्व्हर्सेशन’ मात्र वेगळे. अकरा पुरुष, पहाटेचे चार वाजत आलेले. एकजण चिलीम पेटवायला जातो आणि स्वतःच्या बाहीची झालर पेटवतो; एक जमिनीवर आडवा. ही प्रतिष्ठित माणसे आहेत, त्यांना गुत्त्यात बसवणे चूक. इथे ‘बैठक’ नेमका बसतो: ‘रात्रभर बैठक चालली’ असे आपण म्हणतोच. मैफल नको, मैफलीत कुणीतरी ऐकणारा लागतो.

टेबलाच्या मधोमध पंचाचे, म्हणजे एका मिश्र दारूचे, मोठे भांडे आहे. हा पंच आपल्याकडच्या ‘पाच’वरून गेला असे बहुतेक जण मानतात, काहींच्या मते तो पिपाच्या इंग्रजी नावावरून आला. सतराव्या शतकात इकडे आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर तर स्पष्ट लिहितो की गोव्यातल्या नेरूळची अरक (गाळलेली दारू) उत्तम, तिचे इंग्रज लोक ‘पाँच’ करतात, आणि पाच जिनसा पडतात म्हणून हे नाव. अरक, साखर, लिंबू, पाणी, मसाला. म्हणून त्याचे पेय, सरबत वगैरे करू नये, पंचच लिहावे. गावच्या पंचांशी गोंधळ होईल अशी भीती वाटली तर पहिल्या उल्लेखात या पाच जिनसा सांगून टाकाव्यात.

आणि टॅव्हर्नलाच, म्हणजे पिण्याच्या जागेच्या इंग्रजी नावालाच, शब्द हवा असेल तर गोव्यात पोर्तुगीजांकडून आलेला ‘तावेर्न’ आहे, दोघांचे लॅटिन मूळ एकच. गोव्याकडच्या मंडळींनी सांगावे: तुमच्याकडे तावेर्न म्हटल्यावर गुत्त्यासारखी नाके मुरडतात का?