विषय: लाईट गेल्यावर आणि ट्रेकवर, टॉर्च कोणता घ्यावा?

सप्रेम नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यातल्या वादळात आमच्याकडे सलग दोन रात्री लाईट नव्हते. ड्रॉवरमधला एकुलता एक टॉर्च काढला तर पेटेना. आतले सेल पाझरले होते आणि स्प्रिंगवर पांढरी पूड साचली होती. मग मोबाईलच्या उजेडावर भागवलं आणि सासूबाईंना अचानक चक्कर आली तेव्हा डॉक्टरांना लावायला फोनमध्ये चार्जच उरला नव्हता. आता एक भरवशाचा टॉर्च घ्यायचाय, ट्रेकलाही चालेल असा. कुणी हजार लुमेन लिहितं, कुणी लाख. नेमकं बघायचं काय?

---

उत्तर: टॉर्च कोणता घ्यावा?

ताई, सासूबाईंची तब्येत आता बरी आहे ना? कळवा.

लाख लुमेन आधी डोक्यातून काढून टाका. खिशात मावणारा टॉर्च तेवढा उजेड देऊच शकत नाही. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. झोत लांब जाणार का, हे कॅन्डेलावरून, म्हणजे एका दिशेला जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून ठरतं. शिवाय डोळ्याला दुप्पट उजेड जाणवायला साधारण चौपट लुमेन लागतात, त्यामुळे ५०० आणि ६०० यांतला फरक तुम्हाला कळणारही नाही.

खोक्यावर ‘एएनएसआय एफएल १’ (टॉर्च मोजण्याचं अमेरिकन मानक) लिहिलेलं असेल तर त्या आकड्यांना काही अर्थ असतो, पण तेही वाचता यायला हवेत. ‘अंतर २०० मीटर’ म्हणजे २०० मीटरवर ०.२५ लक्स उजेड पडतो, जवळपास पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तिथे माणूस उभा आहे की झुडूप, हे ओळखू येईलच असं नाही. मी निम्मं अंतर धरून चालतो. ‘चालण्याची वेळ’ तर आणखी फसवी: सुरू केल्यानंतर ३० सेकंदांनी जेवढा उजेड असतो, तो १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा काळ त्यात धरतात. मोठ्या पॉवरवर टॉर्च तापतो आणि स्वतःला वाचवायला काही मिनिटांतच उजेड कमी करतो. म्हणून सगळ्यात मोठा आकडा सोडा आणि मधल्या व खालच्या मोडवर तो किती तास टिकतो ते बघा.

लाईट नसलेल्या रात्री खरी गरज खालच्या मोडचीच असते. घरात वावरायला १० ते २० लुमेन पुरतात. शंभर-दोनशे लुमेनचा टॉर्च पांढऱ्या छताकडे तोंड करून उभा ठेवला की सगळी खोली मऊ उजळते, आणि मेणबत्तीची आगीची भीतीही नाही. रात्री उठायला एखाद्या लुमेनचा मंद मोड असावा. अंधाराला सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका झगझगीत झोतात ती सगळी वाया जातात. ट्रेकच्या पायवाटेला ५० ते १०० लुमेन भरपूर. धुक्यात जास्त पॉवर लावली तर उजेड उलटून आपल्याच डोळ्यांत येतो.

आणि एकच घेणार असाल तर हातातला टॉर्च घेऊ नका, हेडटॉर्च घ्या. आजारी माणसाला आधार द्यायचा असो, फ्यूज बघायचा असो की तंबू बांधायचा असो, दोन्ही हात मोकळे लागतात. तुमच्या प्रसंगात तर तेच महत्त्वाचं होतं. पाण्यासाठी आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं संरक्षण, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ओढा ओलांडायचा असेल तर आयपीएक्स ७ चा घ्यावा.

सेल मात्र १८६५० चाच घ्या, म्हणजे पेन्सिल सेलपेक्षा जाड-लांब असा लिथियम-आयन सेल. पुन्हा चार्ज होतो आणि खूप टिकतो.

---

उत्तर: टॉर्च कोणता घ्यावा?

नमस्कार. दादांचं बाकी सगळं पटलं, सेलबद्दल मात्र नाही.

ट्रेकला १८६५० उत्तमच. पण वर्षभर कपाटात पडून असलेल्या टॉर्चला ऐन वेळी चार्ज करायचं तर लाईट कुठून आणणार? घरचा टॉर्च पेन्सिल सेलवर चालणारा असावा. त्यात साधे अल्कलाइन सेल भरून विसरू नका, ताईंचा टॉर्च त्यांनीच खाल्लाय. चार्ज न होणारे लिथियमचे पेन्सिल सेल मिळतात. ते महाग असतात, पण सहसा पाझरत नाहीत, वर्षानुवर्षं टिकतात आणि कडाक्याच्या थंडीतही काम करतात. फक्त आपला टॉर्च लिथियम सेलवर चालतो का, ते माहितीपत्रकात बघा. जुने-नवे सेल एकत्र घालू नका.

१८६५० घ्यायचाच तर क्षमता बघा. चांगल्या सेलची ३५०० एमएएचच्या आसपास असते. ९९०० लिहिलेला दिसला की खोटा समजायचं. आणि सुटा सेल प्लास्टिकच्या डबीतच ठेवा. माझ्या खिशात एकदा तो किल्ल्यांना लागून शॉर्ट झाला. हात भाजला, चट्टा अजून आहे.

टॉर्च बॅगेत आपोआप सुरू होऊ नये म्हणून मागचं झाकण पाव वळसा सैल करून ठेवा. बऱ्याच टॉर्चचं सर्किट त्याने तुटतं.

डोंगरात अडकलात तर मिनिटभरात सहा वेळा झोत दाखवायचा, मग एक मिनिट थांबायचं आणि पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन झोतांनी येतं. मुलांनाही हे शिकवा.

---

उत्तर: टॉर्च कोणता घ्यावा?

दादा, काका, मनापासून आभार. सासूबाई आता ठीक आहेत.

दोन हेडटॉर्च घ्यायचं ठरवलंय: घराला पेन्सिल सेलचा, ट्रेकला १८६५० चा. घरच्याला रेडियमची पट्टी लावून तो सासूबाईंच्या पलंगाशी खिळ्याला अडकवणार आहे. एक शंका राहिली. त्यांच्या बोटांत जोर नाही, बटण कडक असेल तर दाबता येणार नाही. हातमोजे घालून वापरता येईल असं मोठं, मऊ बटण असलेला कुणी वापरलाय का? आणि तेच बटण जास्त वेळ दाबलं की मोड बदलतो, असा नको. त्या गोंधळतात.