टेपवरील बॅकअपमधून संपूर्ण व्हॉल्यूम परत आणताना टेप कोणत्या क्रमाने लावाव्यात?

प्रश्न

एका लिनक्स सर्व्हरची एकमेव डिस्क निकामी झाली असून तेवढ्याच क्षमतेची नवी डिस्क बसवली आहे. बॅकअप ‘डंप’ हा प्रोग्रॅम वापरून एलटीओ टेपवर (माहिती साठवण्याच्या चुंबकीय टेपचा एक प्रकार) घेतला जात असे: महिन्याच्या आरंभी पातळी ० (संपूर्ण प्रत), दर आठवड्याला पातळी १ (पातळी ० नंतरचे बदल) आणि उरलेल्या दिवशी पातळी २ (त्याआधीच्या खालच्या पातळीच्या डंपनंतरचे बदल). काही टेपवरील लेबले वाचता येत नाहीत आणि कोणता डंप केव्हा घेतला याची नोंद असलेली ‘डंपडेट्स’ फाइल गेलेल्या डिस्कवरच होती. शिवाय रेस्क्यू पेनड्राइव्हवरून सर्व्हर सुरू करून ‘डीडी’ने (माहिती जशीच्या तशी वाचणाऱ्या आज्ञेने) टेप वाचून पाहिली, तर मेमरी उपलब्ध नसल्याची त्रुटी येते, प्रत्यक्षात मेमरी भरपूर मोकळी आहे. टेपच खराब झाली असावी का?

उत्तर १

या त्रुटीवरून टेप खराब झाली असा निष्कर्ष काढू नये. ‘डीडी’ला ब्लॉकचा (एका वेळी वाचायच्या तुकड्याचा) आकार सांगितला नाही तर ते एका वेळी ५१२ बाइट मागते, टेपवरचा ब्लॉक त्याहून मोठा असला की तो दिलेल्या जागेत मावत नाही आणि टेपचा ड्रायव्हर नेमकी हीच दिशाभूल करणारी त्रुटी परत पाठवतो. आकार २५६ किलोबाइट देऊन पुन्हा वाचा.

त्याआधी मात्र प्रत्येक कार्ट्रिजची लेखनबंदीची खिट्टी सरकवून घ्या, कारण आता या टेप म्हणजे तुमच्या माहितीची एकमेव प्रत आहे. एकाच टेपवर अनेक डंप असतील तर ‘एसटी०’ऐवजी ‘एनएसटी०’ हे उपकरण वापरा, नाहीतर प्रत्येक आज्ञेनंतर टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाईल आणि तुम्ही पहिलाच डंप पुन्हा पुन्हा वाचत राहाल.

लेबलांची काळजी नको. ‘रिस्टोअर’ला (डंप परत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला) केवळ यादी दाखवायला सांगितले की डंपची तारीख, पातळी आणि तो कोणत्या फाइल सिस्टिमचा आहे हे सारे यादीच्या आधी छापले जाते. लेबल शाबूत असले तरी मी हीच माहिती ग्राह्य धरतो.

उत्तर २

क्रमाविषयी लिहितो. तुमच्या पद्धतीत पातळी २ चा प्रत्येक डंप शेवटच्या पातळी १ नंतरचे सर्व बदल सामावून घेतो, त्यामुळे सगळ्या टेप लावायची गरज नाही: शेवटचा पातळी ०, त्यानंतरचा शेवटचा पातळी १ आणि त्याच्याही नंतरचा शेवटचा पातळी २ एवढे पुरेसे आहेत.

नव्या डिस्कवर विभाग पाडून फाइल सिस्टिम तयार करा, ती माउंट करा (एका डिरेक्टरीला जोडा) आणि त्या डिरेक्टरीत जाऊनच ‘रिस्टोअर’ ‘-आर’ पर्यायासह चालवा. ही आज्ञा आपण जिथे उभे आहोत तिथेच सर्व काही ओतते, म्हणून एंटर दाबण्याआधी चालू डिरेक्टरी तपासणे हे या कामातले सर्वांत मोलाचे काम. पहिला डंप उतरला की तिथे ‘रिस्टोअरसिमटेबल’ नावाची फाइल दिसेल. ती पुढच्या डंपसाठी लागते. तिच्याच आधारे मधल्या काळात हटवलेल्या फाइली हटवल्या जातात आणि नाव बदललेल्यांची नावे बदलली जातात. शेवटचा डंप यशस्वीपणे उतरेपर्यंत तिला हात लावू नका, नंतर मात्र ती काढून टाका.

प्रश्नकर्ता

ब्लॉकचा आकार वाढवल्यावर टेप व्यवस्थित वाचता आली, मनःपूर्वक आभार. पातळी २ ची शेवटची टेपच वाचता आली नाही तर काय करावे?

उत्तर २

त्याच आठवड्यातला आधीचा पातळी २ घ्या. एका दिवसाचे बदल जातील, बाकी सर्व मिळेल. पातळी १ ची टेप वाचता आली नाही तर तोटा मोठा आहे, कारण मग आधीच्या आठवड्याचा पातळी १ आणि त्यावरचा शेवटचा पातळी २ येथपर्यंतच जाता येते. मधली कडी गाळून ताजा डंप चढवण्याचा प्रयत्न केल्यास ‘रिस्टोअर’ तारखा जुळत नाहीत म्हणून तो नाकारते, आणि ते योग्यच आहे.

उत्तर ३

माहिती उतरली तरी सर्व्हर लगेच सुरू होईल असे नाही. नव्या फाइल सिस्टिमला नवा यूयूआयडी (तिची ओळख पटवणारा क्रमांक) मिळतो, तर परत आलेल्या ‘एफएसटॅब’मध्ये (कोणती फाइल सिस्टिम कुठे जोडायची याच्या यादीत) जुनाच असतो, तो दुरुस्त करा किंवा ‘ट्यून२एफएस’ने नव्या फाइल सिस्टिमला जुना यूयूआयडी द्या. बूटलोडर (डिस्कवरून लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम, इथे ‘ग्रब’) डंपमध्ये येत नाही, त्यामुळे ‘ग्रब’ पुन्हा बसवावे लागेल. या सर्व्हरवर डेटाबेस असेल आणि तो चालू असतानाच डंप घेतला गेला असेल, तर त्याच्या फाइलींवर विसंबू नका. डेटाबेसच्या स्वतःच्या साधनाने घेतलेला बॅकअप असल्यास तो वापरा.

टेप ड्राइव्हही बदलणार असाल तर त्याची पिढी पाहून घ्या. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचतात, परंतु एलटीओ-८ चा ड्राइव्ह फक्त ८ आणि ७ च वाचतो. एलटीओ-६ ची टेप त्यात वाचता येणार नाही.