मदत हवी आहे: 'मेसाया'त सोप्रानो सोलो आहे, पण माझी गायची वेळ येईपर्यंत गळा थंड पडतो

नमस्कार मंडळी. मी मूळची वसईची, सध्या मँचेस्टरला पाश्चात्त्य शास्त्रीय गायन शिकतेय. इथल्या एका हौशी कॉयरने (समूहगायकांच्या गटाने) डिसेंबरच्या कार्यक्रमात हँडलच्या 'मेसाया'साठी (कॉयर, सोलोइस्ट आणि ऑर्केस्ट्रासाठीची तीन भागांची मोठी धार्मिक रचना) सोप्रानो (बायकांचा सर्वांत उंच आवाज) सोलो म्हणून विचारलं आणि मी हो म्हटलं. (ही रचना पहिल्यांदा सादर झाली ती डब्लिनला, १७४२ च्या एप्रिलात. इंग्लंडात मात्र नाताळ आला की गावोगावी हेच.) गावच्या चर्चमध्ये लहानपणापासून कॉयरमध्ये गायलेय, पण चार सोलोइस्टांच्या रांगेत बसायची ही पहिलीच वेळ.

आणि अडचण त्या बसण्याचीच आहे. सुरुवातीला टेनर (पुरुषांचा उंच आवाज) उठतो, मग बेस (पुरुषांचा खालचा), मग अल्टो (बायकांचा खालचा). सोप्रानो तोंड उघडते ती थेट मेंढपाळांच्या प्रसंगाला, म्हणजे पहिला भाग बराचसा सरल्यावर. तोवर अर्ध्या तासाहून जास्त वेळ लोकांसमोर, दगडी चर्चच्या गारठ्यात, हसऱ्या चेहऱ्याने गप्प. मग छोटी रेसिटेटिव्ह (बोलल्यासारखं गायचे तुकडे), एक कोरस (समूहगान) आणि लगेच 'रिजॉइस ग्रेटली', त्यात लांबलचक ताना! परवा मुद्दाम रेकॉर्डिंग लावून पहिल्यापासून बसून राहिले आणि माझ्या जागेला उठले. वरचे सूर लागले, पण तानांत गळा फिरेना. आपल्याकडच्या मैफलीत आलापातच आवाज तापतो, इथे ती सोयच नाही.

दुसरी जागा तिसऱ्या भागाची. मध्यंतर पहिल्या भागानंतर आहे. त्यामुळे दुसऱ्या भागाच्या शेवटच्या हालेलुया कोरसला सगळं सभागृह उभं राहणार (इथली जुनी रीत), आणि तो गजर संपतो न संपतो तोच मी एकटीने 'आय नो दॅट माय रिडीमर लिव्हेथ' संथपणे सुरू करायचं.

कोणी अशी सोलो गायली आहे का? कॉयरबरोबर कोरस गायले तर चालतं का? ऑर्केस्ट्राबरोबर रिहर्सल एकच, तीही त्याच दुपारी. तिथे पूर्ण आवाज लावावा का? मानधन थोडंसं आहे, त्याचं इन्व्हॉइस पाठवा म्हणालेत.

प्रतिसाद १
मी लंडनच्या एका कॉयरमध्ये अल्टो आहे, सोलोइस्ट नाही. पण दरवर्षी त्यांच्या पाठीमागे बसून बघते. सगळे कोरस गाऊ नकोस, दमशील. फक्त 'फॉर अन्टू अस अ चाइल्ड इज बॉर्न' सोप्रानोंबरोबर हलक्या आवाजात गा. तो कोरस तुझ्या जागेच्या थोडा आधी येतो, त्यात सोप्रानोंना पळत्या ताना आहेत, आणि एवढ्या आवाजात तुझा कोणाला ऐकूही जाणार नाही. त्यानंतरचा 'पीफा' हा तुकडा नुसत्या तंतुवाद्यांचा आणि शांत आहे, तिथे गुणगुणणंही नको. आधी कंडक्टरला विचार, काहींना सोलोइस्टने कोरस गायलेले आवडत नाहीत. दुपारी ताना अर्ध्या आवाजात घे, पण वेग मात्र खराच ठेव, म्हणजे कंडक्टर किती पळवतोय ते कळेल. हालेलुयाला उभी राहा, पण गाऊ नकोस. पुढच्या आरियाआधी (तुझ्या एकटीच्या गाण्याआधी) वाद्यांची चांगली लांब प्रस्तावना आहे, तेवढ्यात श्वास जागेवर येतो.

आणि काळी शाल ने. सोलोइस्ट सर्रास घेतात.

प्रतिसाद २
गाण्यातलं मला कळत नाही, पण ते इन्व्हॉइस पाठवायच्या आधी थांब! तू स्टुडंट व्हिसावर असशील तर स्वयंरोजगाराला बंदी आहे, आणि इन्व्हॉइस म्हणजे तेच. शिवाय त्या व्हिसावर 'एंटरटेनर' म्हणून काम करता येत नाही. आठवड्याचे २० तास आहेत ना, मग चालेल, असा हिशेब बरेच जण करतात. तो इथे लागू नाही. पैसे नको म्हटलं की सुटलो, असंही धरू नकोस. कॉलेजच्या व्हिसा विभागाला तारीख, आयोजक, मानधन सगळं कळवून लेखी उत्तर घे.

मूळ धागाकर्ती
बाप रे, व्हिसाचं डोक्यातच नव्हतं. हो, स्टुडंट व्हिसाच. उद्याच मेल करते, उत्तर येईपर्यंत कॉयरला थांबायला सांगते. @प्रतिसाद १ ताई, तो कोरस आज रेकॉर्डिंगबरोबर गाऊन पाहिला, ताना बऱ्याच मोकळ्या झाल्या. अजून एक: कॉयरकडे नोव्हेलो या प्रकाशकाची स्वरलिपीची प्रत आहे, माझी बेरेनरायटर या दुसऱ्या प्रकाशकाची. पानं जुळत नाहीत. कंडक्टर रिहर्सलला पान सांगतात की बारचा (स्वरलिपीतल्या मात्रांच्या खणाचा) आकडा?

प्रतिसाद १
बहुतेक वेळा पान. त्यांची पानं पेन्सिलने तुझ्या प्रतीत लिहून घे.